हिंटरआखचं तळं

विन्या,

बोलताना दर दुसऱ्या वाक्यात तुला 'मेल्या' म्हणायची माझी कॉलेजपासूनची सवय. तू गेल्यापासून ती शिवी कितीदा ओठांवर आली आणि मी ती गिळली. सुनील म्हणाला, काय ते लिहून काढ, नाहीतर घरात भांडी आपटत बसशील. नवरा असला तरी कधीकधी बरोबर बोलतो, म्हणून लिहायला बसले. ही श्रद्धांजली नव्हे. ती केम्प्टनच्या त्या हॉलमध्ये, पांढऱ्या फुलांशेजारी उभं राहून, मी सगळ्यांसमोर वाहून आले. तू किती सरळ होतास, शब्दाचा किती पक्का होतास, असं बोलले. तुझी बायको अर्चना रडत होती, तुझ्या ऑफिसातले जर्मन लोक माझ्या जर्मनकडे लक्ष देऊन माना हलवत होते. त्याच दुपारी मला कळलं की मी काय बोलून बसले ते.

रागवायच्या आधी चांगलं बोलून घेते. नाहीतर तू म्हणशील, शुभीला फक्त वाईट तेवढं आठवतं.

मी एर्लांगेनला नोकरीवर रुजू झाले तेव्हा तू र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कंपनीत होतास. आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची सरकारी नोंद, कुठे करायची, घरमालक फोनवर हो म्हणून समोर आल्यावर खोली 'गेली' का म्हणतो, कुठला कचरा कुठल्या डब्यात, हे सगळं मला तू शिकवलंस. बाबा गेले तेव्हा ईरा पोटात होती आणि डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली होती. तिकडे पुण्यात सगळं उरकत होतं आणि मी इथे खिडकीशी दगडासारखी बसलेली. तू सकाळी सकाळी गाडी घेऊन आलास. काही विचारलं नाहीस. स्वयंपाकघरात शिरून बटाटे सोलायला घेतलेस, कुकर लावलास, मला समोर बसवून चार घास खायला लावलेस आणि मग म्हणालास, "आता रड." मला सख्खा भाऊ नाही. त्या वर्षीपासून भाऊबीजेला मी तुला ओवाळायला लागले.

मग तू गाड्या सोडल्यास आणि केम्प्टनच्या एका छोट्या कंपनीत गेलास, स्कीवाल्यांना डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्ट बांधायला. तुझ्या आईला वाटलं पोराचं डोकं फिरलं. मोटारी करायला गेलेला मुलगा जत्रेतले पाळणे करायला लागला, असं ती माझ्या आईला म्हणाली होती. मी ते तुला सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलास आणि पुढे कितीतरी दिवस फोन उचलल्यावर "पाळणेवाला बोलतोय" म्हणायचास.

हिंटरआख तूच शोधलंस. दरीच्या टोकाला, रस्ता संपतो तिथलं गाव. एक चर्च, एक बेकरी, म्हातारे पत्ते कुटत बसायचे ते एक गास्टहाउस, आणि उतारावर एकुलती एक श्लेपलिफ्ट. म्हणजे फिरणारी तार आणि तिला लोंबणाऱ्या काठ्या. काठी मागे टेकवायची आणि स्कीवर उभ्या उभ्या वर ओढलं जायचं. गावातल्याच पोरांनी ती साठच्या दशकात जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन लावून उभी केली होती. पुढे आपण जिच्या घरी उतरायला लागलो त्या रेझीआजीचा नवरा त्यातलाच एक. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हाही तो इंजिनपाशी उभा राहून तिकिटाला भोक पाडायचा. तू मला बजावलं होतंस, काठीवर बसायचं नाही, नुसतं टेकायचं. मी बसले. मी पडले, माझ्यामागे तू पडलास, तुझ्यामागे एक अख्खं जर्मन कुटुंब पडलं, आणि आजोबांनी इंजिन बंद करून शांतपणे पाइप पेटवला. तिशी ओलांडलेली दोन पुणेरी माणसं बर्फात पाय वर करून पडलेली आणि बाजूने शेंबडी पोरं सुर्रकन खाली जाताहेत. उठायला जावं तर पुन्हा हसू येऊन पडत होतो.

रेझीआजीच्या घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. आपण त्या दिवाळीच्या आठवड्यात घ्यायला लागलो. तेव्हा गाई डोंगरावरून उतरलेल्या असायच्या, बर्फ अजून पडलेलं नसायचं आणि गावात चिटपाखरू नसायचं. मी, सुनील, ईरा, तू आणि अर्चना. पहिल्या भाऊबीजेला मी तुला ओवाळत होते तेव्हा आजी ओल्या हातांनी दारात उभी राहून बघत होती. हा तुझा कोण, म्हणाली. भाऊ, म्हटलं. आडनावं वेगळी कशी, हे तिने विचारलं नाही. पुढच्या वर्षी निरांजन ठेवायला तिने स्वतःच कपाटातली चांगली, फुलं काढलेली ताटली आणून दिली. ईरा आपल्याला जर्मनमध्ये उत्तरं द्यायची आणि आजीशी मात्र त्यांच्या डोंगरी बोलीत बोलायची, म्हणजे आपल्याला कळू नये. दोघी चुलीपाशी बसून आपल्याकडे बघून खुसुखुसु हसायच्या. मी परदेशात इतकी वर्षं काढली, पण माहेर म्हणून कुठे गेले असेन तर त्या घरी.

मग आजोबा गेले. लागोपाठचे हिवाळे कोरडे गेले, उतारावर बर्फाऐवजी चिखल. इंजिन कुणी चालवेना. गावातली शाळा बंद झाली, बेकरीवाल्याचा मुलगा म्युनिकला निघून गेला. युरो नुकता हातात आला होता तेव्हाची गोष्ट. बाहेरची एक कंपनी आली, तिला तिथे श्रीमंतांसाठी स्की रिसॉर्ट करायचं होतं, आणि लिफ्टचं काम तुमच्या ऑफिसला मिळालं. तू फोनवर तासभर बोलत होतास. काचेच्या केबिन असलेला गोंडोला, डोंगराच्या मध्यावर स्टेशन, माथ्यावर रेस्टॉरंट, खाली लाकूड-दगडाचं हॉटेल, बर्फात वाफाळणारा पोहण्याचा तलाव. आणि सगळ्या खांबांचे पाय डोंगरात कुठे रोवायचे ते ठरवणार तू. म्हणालास, शुभे, या आल्गॉयच्या डोंगरांमधल्या एवढ्या मोठ्या नकाशावर पहिलं देशी नाव माझं असेल. मी त्या रविवारी शिरा केला होता, एवढा आनंद झाला मला.

पण घोडं पेंड खात होतं ते डोंगराच्या वरच्या अर्ध्या भागापाशी. ते गायरान. गावातल्या जुन्या घरांचं सामायिक, उन्हाळ्यात सगळ्यांच्या गाई तिथे चरायच्या. आणि रिवाज असा की सगळ्या घरांचा होकार असल्याशिवाय तिथे कुंपणाचा खांबसुद्धा बदलायचा नाही. बाकी घरं एकेक करून हो म्हणाली. रेझीआजी म्हणेना. तिचं म्हणणं साधं होतं. वर एक खळगा आहे, त्यात बारमाही झरा आहे, गाई तिथे पाणी पितात. डोंगरावर तारा टाका, खांब रोवा, हिवाळ्यात खुशाल घसरा, पण खळग्याला हात लावायचा नाही. कंपनीचे लोक तिला म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे काय ते तिला चांगलं कळत होतं. माझ्याएवढंच.

तेव्हा तुझा फोन आला. या वर्षी दिवाळीला जरा लवकर या म्हणालास. "तू असलीस की ती ऐकेल, शुभे." मला त्यात काही खटकलं नाही. उलट बरं वाटलं. कुणाला बरं वाटणार नाही?

तो रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती. स्वयंपाकघरात आजी, तू आणि मी. सुनील आणि अर्चना ईराला घेऊन बाहेर गेले होते. तू तिला तुझ्या त्या हळू, नीट जर्मनमध्ये समजावलंस. मधून मधून 'आल्झो', म्हणजे 'तर मग', म्हणत थांबत होतास. गाव कसं रिकामं होतंय, लिफ्ट आली तर पोरं परत येतील, उन्हाळ्यात गाई पहिल्यासारख्या चरतील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, खळगा? तू म्हणालास, खळग्याला कुणी हात लावणार नाही. मी शब्द देतो.

आजीचा नवरा आयुष्यभर गुरांचा व्यापार करत होता. त्यांच्याकडे गाय विकताना कागद नसायचा. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरायचे, आणि दोघांचाही विश्वास असलेला तिसरा माणूस त्या धरलेल्या हातांवर वरून आपल्या हाताने वार करायचा. तो वार पडला की व्यवहार पक्का. नंतर कुणी फिरलं तर त्या तिसऱ्याचीही इज्जत जायची. आजीने टेबलावरून हात पुढे केला, तू तो धरलास, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तू मार, म्हणाली. मला गंमत वाटली. लहानपणी मामाने मला आपल्याकडचा बैलबाजार दाखवला होता, तिथे उपरण्याखाली बोटं दाबून सौदा चालतो. इथे सगळं कसं उघड्यावर, असं मनात आलं. मी तुमच्या हातांवर हात मारला. चांगला दणकून मारला. आजी हसली, उठून तिने आपल्या तिघांना ते गवती वासाचं कडू श्नाप्स, त्यांची घरची दारू, दिलं. दुसऱ्या दिवशी तिने गावात होकार कळवला.

पुढच्या वर्षी तुझी टाळाटाळ सुरू झाली. दिवाळीला आमच्याकडे केम्प्टनलाच या, आजीकडे आता काम चाललंय, धूळ, ट्रक, ईराला खोकला होईल. तुला वाटलं मी ऐकेन. मी कधी तुझं ऐकलंय? ईराने हट्ट धरला, रेझी ओमाकडे, आजीकडे, जायचं. मी तिला आणि चकल्यांचा डबा घेऊन थेट हिंटरआखला गेले, तुला न कळवता. गावात शिरताना मान वर केली तर डोंगराच्या अंगावर नवा रस्ता, आणि खळग्यात पिवळं यंत्र तोंड खुपसून खोदत होतं. शेजारी काळ्या प्लास्टिकच्या कापडाची भेंडोळी पडली होती. बर्फ पडत नाही तर यंत्राने बर्फ करायचं, तो उडवणाऱ्या तोफांना पाणी लागतं, पाण्याला तळं लागतं. झरा असलेला तयार खळगा कोण सोडतो? मी शिकली-सवरलेली बाई. बघताक्षणी कळलं मला.

आजीने दार उघडलं. ईराच्या गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यावर तुझा हात होता." आवाज चढवला नाही. दार हळूच लावून घेतलं. मी चकल्यांचा डबा हातात घेऊन तिच्या अंगणात उभी, आणि ईरा मला जर्मनमध्ये विचारतेय, ओमा रागावली का, आपण काय केलं.

आपण काय केलं, विन्या? तुझ्या शब्दावर मी माझा हात मारला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते मला त्या अंगणात समजलं.

तशीच तुझ्या घरी आले. तू चहा टाकत होतास. मला बघून तुझा चेहरा पडला आणि मला कळलं की तुला मी कुठून आले ते कळलंय. मग जे भांडलो ते अर्चनाने ऐकलं, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. बर्फाच्या तोफा नसतील तर परवानगी मिळत नाही, म्हणालास. तळं नसेल तर रिसॉर्ट नाही, रिसॉर्ट नसेल तर गाव नाही. आजी तिच्या एका झऱ्यासाठी अख्खं गाव मारायला निघाली होती, असंही म्हणालास. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. मी म्हटलं, ते सगळं खरं असेल, पण मग तिला त्या दिवशी हे का नाही सांगितलंस?

"आराखडा बदलला, शुभे."

"कधी बदलला?"

तू चहा गाळायला लागलास. मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, ते माझ्या हातात नव्हतं. मी विचारलं कधी, तू सांगितलंस कुणाच्या हातात नव्हतं ते. एवढं साधं मला कळायला हवं होतं. पण मला तुझ्यावर विश्वास ठेवायचा होता. निघताना तू जिन्यापर्यंत आलास आणि म्हणालास, "तिच्याकडे आता जाऊ नकोस. ती तुला दार उघडणार नाही. मी ओळखतो तिला."

मी गेले नाही.

त्यानंतरच्या वर्षांत मी स्वतःशी एक गोष्ट रचली. विन्याने शब्द खरा दिला होता, वरच्यांनी त्याला तोंडघशी पाडलं. तोही फसला आणि मीही फसले, आपण दोघं एकाच बाजूला. पुढच्या दिवाळीला तू एर्लांगेनला आलास, खाली मान घालून पाटावर बसलास, मी ओवाळलं. मग दर वर्षी आलास. नोकरी, ईराची शाळा, तुझं ब्लडप्रेशर, गुडघे, इंडियातली घरं, सगळं बोलायचो. ते एक सोडून. ईराने विनूमामाला एकदा विचारलं होतं, ओमा कशी आहे. तू म्हणालास, असेल बरी. असेल. हा शब्द वापरलास तू.

तिकडे हिंटरआख फोफावलं. तुझा गोंडोला फिरायला लागला, त्याची चित्रं मासिकांत यायला लागली. गास्टहाउस पाडून तिथे वाइन बार झाला, बेकरीत स्की आणि गॉगल भाड्याने मिळायला लागले. म्युनिकच्या नंबरप्लेटच्या काळ्या गाड्या, फरच्या कॉलरच्या बायका. तू मला दर हंगामाला लिफ्टचा फुकट पास पाठवायचास, मी तो कधी वापरला नाही. माझ्याच ऑफिसातली एक बाई नवऱ्याबरोबर तिथे वेलनेस वीकएंडला गेली आणि आल्यावर फोटो दाखवायला लागली. उन्हाळ्यातला फोटो. तळ्याकाठी आरामखुर्च्या, निळं पाणी, मागे डोंगर. किती सुंदर नैसर्गिक तळं, म्हणाली. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

कधी वाटायचं, जावं. आजीच्या दारात उभं राहावं, म्हणावं, मला ठाऊक नव्हतं. पण तुझे शब्द आडवे यायचे, ती दार उघडणार नाही. लाजेने माझा पाय उचलायचा नाही. ती लाज माझी नव्हती, विन्या. तुझी लाज मी वागवत होते, आणि तू येऊन माझ्या हातच्या करंज्या खाऊन जात होतास.

आता त्या दुपारचं सांगते. हॉलमधलं सगळं आटोपल्यावर लोक बाहेर उभे होते. गर्दीतून एक वाकलेली म्हातारी काठी टेकत आली, काळा कोट, काळी टोपी. मी ओळखलं, रेझीआजी. तिने काठी सुनीलच्या हातात दिली आणि मला मिठी मारली. कानाशी म्हणाली, घरी चल. मला वाटलं, मेलेल्या माणसापुढे भांडण सोडून देतात तसं असेल. अर्चनाला माहेरच्यांनी वेढलं होतं. सुनीलने आम्हाला गाडीत घातलं आणि हिंटरआखला नेलं.

तेच स्वयंपाकघर, तेच टेबल. तिने सूप गरम केलं आणि बोलायला लागली, जणू मला हे सगळं आधीपासून माहीत आहे अशा थाटात. आपण भांडलो त्याच हिवाळ्यात, बर्फ पडल्याबरोबर, तू तिच्या दारात आलास. तिने तुला आत घेतलं नाही. तू अंगणातलं बर्फ फावड्याने काढलंस आणि निघून गेलास. पुन्हा आलास, पुन्हा तेच. ती खिडकीतून बघत राहायची. शेवटी एकदा तिला तुझी दया आली, की थंडीची, ते तिला आता आठवत नाही. तिने दार उघडलं. तू टेबलाशी बसलास आणि तिला सगळं सांगितलंस. की त्या रविवारी हात धरताना तुला माहीत होतं. तळं नकाशावर आधीच होतं. तू साहेबांना ते हलवायला सांगितलं होतंस, ते नाही म्हणाले होते, आणि तरी तू आलास. लिफ्ट झाली की सगळे खूश होतील आणि तळ्याचं कुणाला काही वाटणार नाही, असं तुला वाटलं होतं. तू रडलास, म्हणाली. ती तुझ्यावर ओरडली. मग तिने तुला सूप दिलं.

त्यानंतर तू दर हिवाळ्यात जायचास. तिची लाकडं रचून द्यायचास, छतावरचं बर्फ काढायचास. मी म्हातारी, ती म्हणाली, किती दिवस रागवू, आणि लाकडं कोण आत आणणार.

मी सूप खात होते.  मग तिने चमचा खाली ठेवला आणि मला विचारलं, "आणि तू? एवढं काम होतं तुला?"

मी म्हटलं, कसलं काम?

तिने तुला दर वर्षी विचारलं होतं, विन्या. शुभा का येत नाही? माझ्यावर रागावली का, मी तिला दारातून परत पाठवलं म्हणून? तिला सांग, मला तिचा राग नाही, मला कळलंय तिला काही माहीत नव्हतं. आणि तू दर वर्षी सांगितलंस, तिला कामातून वेळ मिळत नाही. दिवाळीच्या आठवड्यात ती वरची खोली कुणाला देत नव्हती. गावात एवढे पाहुणे येतात, तरी देत नव्हती. चादरी बदलून ठेवायची.

मी उठून अंगणात गेले. वर डोंगरावर तुझा गोंडोला फिरत होता, रिकामा होता की भरलेला मला दिसलं नाही. आधी वाटलं, मला काही कळत नाहीये. मग सगळं एकदम कळलं. मी तिच्याकडे गेले असते तर तिने मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं की तुला माहीत होतं. म्हणून मी जायला नको होतं. म्हणून ती दार उघडणार नाही. म्हणून मला वेळ नाही. तू शब्द मोडलास ते एकवेळ मी समजून घेतलं असतं. नोकरी होती, नाव होतं, माणूस घसरतो. पण ते झाकायला तू माझं माहेर बंद केलंस. त्या म्हातारीला माझी वाट बघायला लावलीस, मला तिची भीती घालून ठेवलीस, आणि दोन्हीकडे जाऊन शहाण्या माणसासारखा बसलास. ईरा आता मोठी झाली, आजीची बोली विसरली. ती बोली परत येणार नाही. ती वर्षं कुठून आणून देणार आहेस?

तुझ्यासाठी मला रडायचं होतं रे. धड रडूही दिलं नाहीस. बाबांच्या वेळी समोर बसून रडायला लावणारा माणूस तू, आणि आता तुझी आठवण आली की आधी डोळे भरतात आणि लगेच दात-ओठ खाते मी.

अर्चनाचा परवा फोन आला होता. विचारत होती, ह्यांनी तुमच्यापाशी कधी काही मन मोकळं केलं होतं का, शेवटी शेवटी फार गप्प असायचे. मी नाही म्हटलं. तिला यातलं काही माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही, आणि मी सांगणार नाही. आजीला मात्र मी सांगितलं, या दिवाळीला येते.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या परक्या बाईपुढे तू रडलास, खरं बोललास, तिच्या शिव्या खाल्ल्यास. माझ्यासमोर दर वर्षी पाटावर बसलास, मी तुझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि तू गप्प. कशाला घाबरलास? मी ओरडले असते, हो. फार वाईट बोलले असते. वर्षभर तोंड पाहिलं नसतं तुझं, दोन वर्षं म्हण. पण मग बोलले असते रे मी. तुला माझा एवढाही भरवसा नव्हता?